यंत्राला आज्ञा लिहायला शिकविणाऱ्या ग्रेस हॉपर

खास प्रतिनिधी, नाशिक

संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या नाशिकच्या मुलामुलींना एक अनुभव सहसा चुकत नाही. गंगापूर रोडला किंवा पंचवटीत चौघांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली असते, प्रकल्प सादर करण्याची तारीख तोंडावर आलेली असते आणि प्रकल्पासाठी हवे असलेले सॉफ्टवेअर तयार स्वरूपात मिळत नसल्याने ते मूळ सोर्स कोडपासून बिल्ड करण्याची वेळ येते. आज्ञा दिली जाते, पडद्यावर ओळी धावू लागतात आणि अर्ध्या तासाने काम अचानक थांबते. शेकडो तक्रारी पडद्यावर उमटतात. अमुक फाईलच्या चार हजार कितव्या तरी ओळीत चूक आहे, असे संगणक सांगतो. ती फाईल उघडून पाहावी, तर ती कुणा माणसाने लिहिलेलीच नसते. ही फाईल यंत्राने तयार केली आहे, तिच्यात फेरफार करू नये, अशी सूचना तिच्या माथ्यावरच असते. हात लावायचा नाही, तर दुरुस्ती करायची कशी, या प्रश्नाने मग पुढची सारी रात्र जाते.

यंत्राने लिहिलेली ही फाईल म्हणजे कोड जनरेटरचे काम. आज्ञावली लिहून देणारी आज्ञावली, अशी त्याची सोपी ओळख करून देता येईल. एखाद्या भाषेचे व्याकरण थोडक्यात लिहून दिले, की ते व्याकरण तपासणारा हजारो ओळींचा कोड असा जनरेटर तयार करून देतो. बेल प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात स्टीफन जॉन्सन यांनी केलेला याक आणि त्यानंतर आलेला बायसन ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. (याक आणि बायसन ही दोन्ही गुरांच्या कुळातल्या जनावरांची नावे आहेत. संगणकवाल्यांचा विनोद बहुधा असाच असतो.) मोठ्या सॉफ्टवेअरच्या पोटात असे दोन-चार जनरेटर हमखास दडलेले असतात. त्यांतील एक जरी बिघडला, तरी पुढची सारी साखळी कोसळते.

संगणकाला स्वतःच स्वतःच्या आज्ञा लिहायला लावता येतील, असा आग्रह धरून तो तडीस नेणाऱ्यांत अग्रभागी एक स्त्री होती. ग्रेस हॉपर हे त्यांचे नाव. संगणकात किडा शोधणारी बाई आणि कोबॉल भाषेची आई, अशा दोन ओळखींवर आपल्याकडील पाठ्यपुस्तके त्यांची बोळवण करतात. या दोन्ही ओळखी अर्धवट खऱ्या आहेत. त्यांचे खरे मोठेपण या दोहोंच्या मधल्या काळात, १९५० च्या आसपास फिलाडेल्फियात झालेल्या कामात आहे.

९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात ग्रेस मरे यांचा जन्म झाला. वडील विमा व्यवसायात होते. आईला गणिताची, त्यातही भूमितीची ओढ होती. आजोबा शहराच्या सर्वेक्षणाचे काम पाहणारे अभियंता. मोजणीला जाताना ते नातीला बरोबर नेत आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी तिच्या हाती धरायला देत. सात वर्षांची असताना ग्रेसने घरातले गजराचे घड्याळ चालते कसे, हे पाहण्यासाठी ते उघडले. त्याचे सुटे भाग पुन्हा जुळेनात, म्हणून तिने दुसरे उघडले, मग तिसरे. अशी घरातली सातही घड्याळे सुटी झाल्यावर आईच्या लक्षात हा प्रकार आला. शिक्षा म्हणून एक घड्याळ खेळायला ठेवून बाकीची काढून घेण्यात आली. मुलीला रागावण्याऐवजी एक घड्याळ तिच्याकडे राहू देणारी ती आई या चरित्रात फारशी पुढे येत नाही. पण तिची आठवण ठेवायला हवी.

वासर महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत लॅटिनने दगा दिला आणि ग्रेसचे एक वर्ष वाया गेले. पुढे १९२८ मध्ये गणित व भौतिकशास्त्र घेऊन ती पदवीधर झाली. १९३० मध्ये येल विद्यापीठाची एम.ए. पदवी मिळाली आणि त्याच वर्षी व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी विवाह झाला. १९३४ मध्ये येलनेच गणितातील डॉक्टरेट दिली. तोवर त्या वासरमध्ये शिकवू लागल्या होत्या. गणिताच्या विद्यार्थिनींना त्या निबंध लिहायला लावत आणि भाषा गचाळ असेल तर गुण कापत. आम्ही गणित शिकायला आलो आहोत, अशी मुलींची तक्रार असे. समोरच्याला समजेल असे लिहिता येत नसेल, तर गणित शिकून उपयोग नाही, असे त्यांचे मत होते. पुढे संगणकाशी बोलण्याची भाषा घडविताना हेच मत त्यांनी यंत्रालाही लावले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले नसते, तर प्राध्यापकीतच त्यांचे आयुष्य गेले असते. पणजोबा नौदलात ॲडमिरल होते, त्यामुळे नौदलाचे आकर्षण घरातच होते. परंतु वय सदतिशीकडे झुकलेले, वजन नौदलाच्या किमान मर्यादेपेक्षा सुमारे १५ पौंड कमी आणि गणिताचे प्राध्यापक तर देशाला शिकविण्याच्या कामासाठीच हवे होते. या तिन्ही अडचणींवर मात करीत डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या. जहाजावर जाण्याचे स्वप्न मात्र पुरे झाले नाही. जुलै १९४४ मध्ये त्यांची रवानगी हार्वर्ड विद्यापीठात झाली, आणि तेथे त्यांच्यासमोर उभे होते मार्क वन.

हे यंत्र ५१ फूट लांब, ८ फूट उंच आणि सुमारे ५ टन वजनाचे होते. त्यात साडेसात लाख सुटे भाग होते. एका सेकंदाला तीन बेरजा, ही त्याची गती. आज खिशातल्या मोबाइलपुढे ही गती हास्यास्पद वाटेल. पण त्या काळी माणसांच्या तुकड्यांना महिनोन् महिने लागणारी गणिते हे यंत्र रात्रंदिवस खडखडत सोडवीत असे. आज्ञा कागदी फितीवर भोके पाडून द्याव्या लागत. येवल्याच्या मागावर नक्षीसाठी लावलेले भोकांचे जेकार्डचे पुठ्ठे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ही कल्पना चटकन उमगेल. भोक चुकले की नक्षी चुकली. फरक एवढाच, की कापडावरची चुकलेली नक्षी डोळ्यांना दिसते; तोफेच्या माऱ्याच्या कोष्टकातला चुकलेला आकडा दिसत नाही.

यंत्राचे प्रमुख हॉवर्ड आयकन हे कडक शिस्तीचे गृहस्थ होते. नव्याने आलेल्या या महिला अधिकाऱ्याला त्यांनी यंत्र दाखविले, आज्ञांची यादी हाती दिली आणि एका त्रिकोणमितीय फलाचे गुणक आठवड्याभरात काढून देण्यास सांगितले. शिकवायला कुणी नव्हते. रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्पबेल या दोघा तरुण सहकाऱ्यांच्या मदतीने हॉपर यांनी ते यंत्र आत्मसात केले. पुढे आयकन यांच्याच हुकमावरून त्यांनी मार्क वनचे पाचशेहून अधिक पानांचे माहितीपुस्तक लिहिले. ते १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले.

याच खोलीत त्यांच्या पुढच्या कामाचे बीज पडले. ब्लॉक, कॅम्पबेल आणि हॉपर या तिघांच्या वह्या होत्या. एखादे उपयुक्त गणित, समजा साईन काढण्याचे, एकाने फितीवर बिनचूक चालविले, की त्याच्या आज्ञा वहीत उतरवून ठेवल्या जात. दुसऱ्याला तेच लागले, की तो वही मागून घेई आणि आपल्या आज्ञांमध्ये तो भाग नकलून काढी. नक्कल करणे हे काम सर्वांत सोपे आणि चुका मात्र सर्वांत जास्त तेथेच होत, असे हॉपर यांच्या ध्यानात आले. इंग्रजी बी हे अक्षर घाईत तेरा होऊन बसे. डेल्टा या चिन्हाचा चार होई. शिवाय तो तुकडा नव्या जागी बसविताना त्यातील प्रत्येक पत्त्यात ठरावीक आकडा मिळवावा लागे आणि हुशार गणितज्ञही त्या बेरजा चुकत. माणसाला नक्कल जमत नाही आणि साधी बेरीजही धड येत नाही, यंत्र मात्र या दोन्ही गोष्टी न थकता करते, ही विसंगती त्यांना सलत राहिली.

त्या किड्याची गोष्टही येथलीच. ९ सप्टेंबर १९४७ रोजी पुढच्या मार्क टू या यंत्रातील एका रिलेत पतंग सापडला. तो चिमट्याने काढून नोंदवहीत चिकटपट्टीने लावण्यात आला आणि खाली एक मिस्कील टिपण लिहिले गेले. ही गोष्ट हॉपर यांनी आयुष्यभर इतक्या रंगवून सांगितली, की पतंग त्यांनाच सापडला, असा समज रूढ झाला. बिघाडाला किडा म्हणण्याची पद्धतही त्यांची नव्हे. एडिसनच्या १८७८ मधील पत्रव्यवहारात तो शब्द आढळतो. खऱ्या अर्थाने किडा सापडला, यातच नोंदवहीतल्या विनोदाची गंमत होती.

१९४५ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. १९४९ मध्ये हार्वर्डमधील मुदत संपली. तेथे स्त्रियांना कायमच्या जागेची आशा नव्हती. या काळात त्या दारूच्या आहारी गेल्या होत्या. त्या वर्षाच्या अखेरीस फिलाडेल्फियात नशेत सापडल्याने पोलिसांनी त्यांना ताब्यात घेण्यापर्यंत मजल गेली. पुढे दिसणारी, गणवेशातली, खणखणीत आवाजात व्याख्याने देणारी ॲडमिरल एवढीच प्रतिमा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा भाग खटकेल. पण या पडझडीतच त्यांनी आयुष्यातील सर्वांत धाडसी काम हाती घेतले, हे विसरता येत नाही.

१९४९ मध्ये त्या एकर्ट-मॉकली या नव्या कंपनीत ज्येष्ठ गणितज्ञ म्हणून रुजू झाल्या. व्यापारी वापरासाठी युनिव्हॅक हा संगणक तेथे आकाराला येत होता. त्याआधीच्या बायनॅक या यंत्रासाठी अष्टमान पद्धतीत आकडेमोड करावी लागे. हॉपर तीत एवढ्या मुरल्या, की एकदा त्यांच्या बँकेच्या खात्याचा ताळमेळच लागेना. अखेर भावाने तपासणी केली, तेव्हा बाईसाहेब अधूनमधून खर्चाच्या वजाबाक्या अष्टमानात करीत असल्याचे उघड झाले. माणसाने यंत्राची भाषा शिकण्याऐवजी यंत्राने माणसाची भाषा शिकावी, हा विचार या प्रसंगाने पक्का झाला, असे त्या पुढे सांगत.

त्याच कंपनीत बेटी होल्बर्टन होत्या. एनियॅक या पहिल्या पिढीतील संगणकावर काम केलेल्या सहा जणींपैकी त्या एक. दप्तरातील नोंदी क्रमवार लावण्याचे काम प्रत्येक ग्राहकाला लागे आणि प्रत्येकाच्या नोंदींची रचना वेगळी असे. होल्बर्टन यांनी अशी आज्ञावली तयार केली, की तिला नोंदींचे वर्णन दिले असता ती त्या नोंदी क्रमवार लावणारी नवी आज्ञावली स्वतः लिहून देई. आजच्या कोड जनरेटरचे मूळ येथे आहे. आपल्याला वाट दाखविली ती होल्बर्टन यांनी, हे हॉपर यांनी नेहमी मोकळेपणाने मान्य केले. नावलौकिक मात्र एकीच्याच वाट्याला आला.

हॉपर यांनी हीच कल्पना सर्व गणितांसाठी वापरायचे ठरविले. वह्यांतील तपासलेले तुकडे त्यांनी चुंबकीय फितीवर भरले. प्रत्येक तुकड्याला ग्रंथालयातील पुस्तकासारखा क्रमांक दिला. आता माणसाने फक्त क्रमांक आणि त्यांचा क्रम लिहायचा. यंत्र फितीवरून तो तुकडा शोधणार, त्यातील पत्ते नव्या जागेनुसार बदलणार आणि सारे तुकडे जोडून चालण्याजोगी आज्ञावली तयार करणार. या आज्ञावलीला त्यांनी कंपायलर म्हटले. ए-झीरो हे तिचे नाव. मे १९५२ मध्ये पिट्सबर्ग येथील परिषदेत त्यांनी याविषयीचा निबंध सादर केला. आजच्या व्याख्येने ए-झीरोला कंपायलरपेक्षा तुकडे जोडणारा लिंकर म्हणणे अधिक योग्य ठरेल. तरी संकल्पना तीच होती.

हे करताना एक तांत्रिक पेच उभा राहिला. सोर्स कोडशी झुंजणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यालाही तो ओळखीचा वाटेल. यंत्र आज्ञा एकामागून एक, एकाच फेरीत लिहीत जाई. मागे लिहिलेल्या भागाकडे उडी मारायची असेल, तर त्याचा पत्ता ठाऊक असे. पण पुढे येणाऱ्या, अजून लिहिल्याच न गेलेल्या भागाकडे उडी मारायची असेल तर? हॉपर महाविद्यालयात बास्केटबॉल खेळल्या होत्या. त्या काळच्या मुलींच्या नियमांनुसार चेंडू घेऊन पुढे धावता येत नसे. तो जोडीदारणीकडे फेकायचा, आपण पुढे धावायचे आणि तिने तो परत द्यायचा. त्यांनी स्मृतीच्या शेवटी एक तटस्थ कोपरा राखून ठेवला. पुढची उडी आली, की यंत्र तूर्त त्या कोपऱ्याकडे उडी लिहून ठेवी. पुढे तो भाग प्रत्यक्ष आला आणि त्याचा पत्ता कळला, की कोपऱ्यातून त्या पत्त्याकडे दुसरी उडी लिहिली जाई.

कंपायलर चालू लागला. पण विश्वास ठेवायला कुणी तयार होईना. संगणक आकडेमोड करतो, तो आज्ञा लिहू शकत नाही, असे जाणकारच सांगत. यामागे व्यावसायिक अहंकार होता, तशी रास्त शंकाही होती. हाताने लिहिलेली आज्ञावली चुकली, तर लिहिणाऱ्याला निदान ओळ अन् ओळ ठाऊक असते. यंत्राने लिहिलेली चुकली, तर चूक नेमकी कुणाची? माणसाने दिलेल्या वर्णनात ती असेल, फितीवरच्या तुकड्यात असेल, किंवा लिहिणाऱ्या यंत्रातही असेल. नाशिकच्या त्या खोलीत मध्यरात्री पडणारा प्रश्न अक्षरशः हाच आहे.

कोड जनरेटर बिघडला म्हणजे दोष आणि लक्षण एका ठिकाणी नसतात. पडद्यावर शेवटी दिसणारी तक्रार बहुतेक वेळा निरपराध फाईलविषयी असते. म्हणून अनुभवी माणूस शेवटची नव्हे, तर पहिली तक्रार शोधतो. कित्येकदा तेथे एवढेच लिहिलेले असते, की बायसन नावाची आज्ञा या संगणकावर सापडली नाही. ती सापडली, तरी आवृत्ती जुनी असू शकते. मॅक संगणकांबरोबर बायसनची फार जुनी आवृत्ती येते आणि नव्या व्याकरणफाईलपुढे ती हात टेकते. सर्वांत फसवा प्रकार आणखी वेगळा. जनरेटर अर्ध्यावरच कोलमडतो, पण त्याने लिहिलेली अर्धी फाईल मागे राहते. पुढच्या खेपेस बिल्डची व्यवस्था फक्त वेळ पाहते. ही फाईल मूळ वर्णनापेक्षा नवी आहे, म्हणजे हे काम झालेले आहे, असे समजून ती पुढे जाते आणि कंपायलर त्या अर्धवट फाईलवर आदळतो. कितीही वेळा आज्ञा दिली, तरी निकाल तोच. अशा वेळी यंत्राने लिहिलेले सारे पुसून टाकावे, जनरेटरची ती एकच आज्ञा स्वतंत्रपणे हाताने चालवून पाहावी, बाहेर काय पडते ते तपासावे आणि मगच पुढचे पाऊल टाकावे. यात हुशारीपेक्षा चिकाटी अधिक लागते. सात घड्याळे उघडून बसलेल्या मुलीची ही पद्धत म्हणावी काय? तिने निदान एक घड्याळ शाबूत ठेवून त्याच्याशी ताडून पाहिले असते, तर बरे झाले असते!

हॉपर यांनी या अविश्वासावर शोधलेला उपाय आज विलक्षण वाटतो. ए-झीरोनंतर ए-टू ही सुधारित आवृत्ती तयार झाली. १९५३ च्या अखेरीस ती युनिव्हॅकच्या ग्राहकांना देण्यात आली, तीही सोर्स कोडसह. वापरा, उघडून पाहा, काही सुधारणा सुचल्या तर कळवा, अशी ती व्यवस्था होती. मुक्त सॉफ्टवेअर ही संज्ञा रूढ होण्याच्या कितीतरी वर्षे आधीची ही घटना आहे. लिहिणाऱ्या यंत्रावर भरवसा ठेवा म्हणून सांगण्याऐवजी त्यांनी ते यंत्रच उघडून ग्राहकाच्या हाती दिले. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता पानेच्या पाने कोड लिहून देतात आणि प्रकल्पाच्या वहीत तो जसाच्या तसा चिकटविण्याची सवय महाविद्यालयांतून वाढते आहे. त्या साधनांच्या आत काय चालते, हे मात्र विद्यार्थ्याला उघडून पाहता येत नाही. प्रस्तुत प्रतिनिधीला या दोन काळांतला सर्वांत मोठा फरक हाच वाटतो.

पुढचा प्रवास तुलनेने परिचित आहे. व्यापारी मंडळींना गणिती चिन्हे रुचत नाहीत, त्यांना शब्द हवेत, हे ओळखून हॉपर यांच्या गटाने इंग्रजी शब्दांनी चालणारी फ्लो-मॅटिक ही भाषा घडविली. शब्द कोणत्याही भाषेतले चालतील, हे दाखविण्यासाठी त्यांनी वरिष्ठांसमोर तीच आज्ञावली फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही मांडली. फिलाडेल्फियात बनलेल्या अमेरिकी संगणकाला फ्रेंच कसे कळेल, या विचाराने व्यवस्थापक मंडळी हादरली आणि प्रस्ताव लांबणीवर पडला. यंत्राच्या लेखी सगळेच शब्द सारखे असतात, हे त्यांना पटविण्यास बराच अवधी लागला. ते तेव्हाच पटले असते, तर संगणकाला मराठीतून आज्ञा देण्याचा विचारही कदाचित लवकर झाला असता.

१९५९ मध्ये सर्व कंपन्यांच्या संगणकांवर चालेल अशी एक भाषा घडविण्यासाठी समित्या बसल्या. हॉपर तांत्रिक सल्लागार होत्या. प्रत्यक्ष मसुदा मेरी हॉज, जीन सॅमेट आदी अनेकांच्या श्रमांतून सिद्ध झाला. परंतु त्यावर फ्लो-मॅटिकची छाप स्पष्ट होती. हीच कोबॉल. डिसेंबर १९६० मध्ये जवळपास एकच सोर्स कोड आरसीए आणि रेमिंग्टन रँड या दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर बिल्ड होऊन चालला. एका यंत्रासाठी लिहिलेले दुसऱ्यावर नव्याने लिहावे लागण्याच्या त्या काळात ही मोठी गोष्ट होती. डाइक्स्ट्रा यांच्यासारख्या पंडितांनी कोबॉलची पुढे यथेच्छ हेटाळणी केली. बँका आणि विमा कंपन्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. २००० साल उजाडण्यापूर्वी दोन अंकी वर्षाची अडचण दूर करण्यासाठी अमेरिकेने भारतीय अभियंत्यांना मोठ्या संख्येने पाचारण केले, तेव्हा महाराष्ट्रातील अनेक घरांतला पहिला परदेशप्रवास याच भाषेच्या जोरावर झाला. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत बेरोजगार भत्त्याच्या जुन्या प्रणालीवर ताण आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरना कोबॉल जाणणारे स्वयंसेवक हवेत, असे जाहीर आवाहन करावे लागले.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने वयोमानानुसार त्यांना निवृत्त केले. तो दिवस त्यांना अतिशय जड गेला. सातच महिन्यांनी, ऑगस्ट १९६७ मध्ये, सहा महिन्यांसाठी म्हणून त्यांना परत बोलाविण्यात आले. हे सहा महिने एकोणीस वर्षे चालले. नौदलातील प्रत्येक तळावर वेगळ्या कंपनीचा संगणक आणि प्रत्येकाचा कोबॉल कंपायलर थोडा थोडा निराळा, त्यामुळे एका ठिकाणचा कोड दुसऱ्या ठिकाणी बिल्ड होत नसे. हॉपर यांच्या गटाने चाचणी आज्ञावल्यांचा संच तयार केला. कंपायलर विकणाऱ्याने आपली भाषा प्रमाण कोबॉल असल्याचा दावा करावा आणि या चाचण्यांनी तो पडताळून पाहावा, असा शिरस्ता त्यातून पडला. आज्ञा लिहिणारे यंत्र त्यांनी जन्माला घातले होते. त्या यंत्राची परीक्षा घेण्याची रीतही त्यांनीच घालून दिली. चरित्रकार या कामाला दोन-तीन परिच्छेदांत उरकतात. ते कंटाळवाणे होते, हे खरे. तरीही कोबॉलच्या दीर्घायुष्यात या चाचण्यांचा मोठा वाटा आहे.

उतारवयात त्या लोकप्रिय वक्त्या झाल्या. एका नॅनोसेकंदात वीज किती अंतर कापते हे दाखविण्यासाठी त्या ११.८ इंच लांबीचे तारेचे तुकडे श्रोत्यांना वाटत. आपल्या मोजपट्टीवर ते अंतर जेमतेम ३० सेंटिमीटर भरते. उपग्रहामार्फत संदेश पोहोचायला वेळ का लागतो, असे विचारणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे त्या ही तार धरीत आणि इथून उपग्रहापर्यंत असे किती तुकडे लागतील, याचा हिशेब मांडीत. आमच्याकडे हे असेच चालत आले आहे, या सबबीचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. कार्यालयात त्यांनी उलट्या दिशेने चालणारे घड्याळ लावले होते. थोड्या सवयीने त्यावरही वेळ बिनचूक कळते, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला पटावे, हा त्यामागचा हेतू होता.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टन बंदरातील कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक युद्धनौकेवर रिअर ॲडमिरल ग्रेस हॉपर निवृत्त झाल्या. त्या वेळी त्यांचे वय ७९ वर्षे होते. त्यानंतरही एका संगणक कंपनीच्या सल्लागार म्हणून त्या अखेरपर्यंत काम करीत राहिल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामात त्यांना निरोप देण्यात आला. १९९६ मध्ये त्यांच्या नावाची युद्धनौका पाण्यात उतरली आणि २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. तो पतंग चिकटविलेली नोंदवही आणि त्यांच्या तारांची एक जुडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जतन केलेली आहे.

त्यांच्या कोबॉलला २०२५ मध्ये जीसीसी या मुक्त कंपायलरसंचाच्या १५ व्या आवृत्तीत स्थान मिळाले. त्याचा सोर्स कोड कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. मूळ भांडारातून तो बिल्ड करायचा असेल, तर बायसन मात्र आधी बसवून घ्यावा लागतो.